भिंतीला कळलेला दुसरा ‘पण’

इस्राएलमधल्या रामला शहरात मिल्काबाई नवगावकर आणि त्यांची अरब शेजारीण नहला यांच्या अंगणांमधली दगडी भिंत, कोणी ‘पण’ म्हटलं की एका थराने वाढत असे. ‘पण’ हिब्रूतला असो की अरबीतला, भिंत पक्षपात करत नसे. मिल्काबाई मूळच्या अलिबागकडच्या ज्यू, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आलेल्या. त्या स्वतःशी आणि अंगणातल्या अळूशी मराठीतच बोलत, त्यामुळे ऐकून ऐकून भिंतीला मराठीही येऊ लागलं होतं.

पूर्वी ती गुडघ्याएवढीच होती. मलिद्याच्या विधीचे गूळ-खोबरं घातलेले पोहे तिच्यावरून सहज पलीकडे जायचे. मग मिल्काबाईंचा मुलगा शमुवेल बसमधल्या स्फोटात गेला, आणि नहलाचा फारिस सैनिकाच्या गोळीने. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रडता रडता एकीच्या तोंडून निघालं, “पण सुरुवात तुमच्या लोकांनी केली.”

“पण त्याच्या आधी?” दुसरी म्हणाली.

आधीच्या आधीपर्यंत जाता जाता भिंत डोक्यावर गेली.

नगरपालिकेचा इंजिनिअर आला. त्याने टेप लावला, दगड ठोकून पाहिला. “बांधकाम पक्कं आहे, पाडता यायचं नाही. तेवढा शब्द टाळा.”

“टाळते हो, पण...” मिल्काबाई म्हणाल्या.

एक थर चढला. इंजिनिअरने चष्म्यावरची धूळ पुसली. “आणखी एक चढला, की पलीकडचा आवाजही येणार नाही.”

नहलाचा चेहरा तर भिंतीआड गेलाच होता; तिचं खोकणं, बादलीची कडी वाजणं, एवढंच काय ते उरलं होतं. मिल्काबाईंनी तोंडाला कुलूप लावलं. पलीकडेही चिडीचूप. इंजिनिअर पुन्हा येऊन गेला आणि शांतता पाहून खूश झाला. मिल्काबाईंना ती शांतता खायला उठायची.

एका दुपारी पलीकडून आवाज आला. “मिल्काबाई, आज फारिसचा वाढदिवस. त्याच्या आवडीचं काही करवत नाही, आणि केल्यावाचून राहवतही नाही.”

अशा वेळी माणसाला शिकलेली भाषा सुचत नाही. “माझं पण तसंच गं,” मिल्काबाई मराठीतच म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

भिंत थरथरली. नवा दगड वर चढता चढता मध्येच थांबला.

“काय म्हणालीस?” नहला घाबरली.

“‘पण’ म्हणाले. तो ‘पण’ नाही गं, हा दुसरा. जसं तुझं, तसंच माझं, असा.”

भिंत बराच वेळ पेचात होती. मग तिने तो दगड, आणि त्याच्या खालचाही, अळूला धक्का न लावता अंगणात उतरवून ठेवला.

“पुन्हा म्हण,” नहला म्हणाली. “मला झोप येत नाही.”

“मला पण.”

“त्याच्या चपला टाकवत नाहीत.”

“माझ्याकडे पण आहेत.”

“मला तुझा राग येतो.”

“मला पण येतो,” मिल्काबाई म्हणाल्या. त्यालाही एक थर उतरला.

ऊन कलताना दोघींची तोंडं दिसू लागली. मिल्काबाई बघतच राहिल्या. “अगं, किती पांढरे झाले तुझे केस!”

नहलाने डोळे पुसले. अरबीत ‘प’ नाही.

“तुझे बण,” ती म्हणाली.

भिंतीने तेही ‘पण’च धरलं.