किसनसिंगची उसण

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. केळापूरजवळच्या त्या तांड्यात सगळ्यांनी ठरवलं, विकायचा नाही, घरातच ठेवायचा. किसनसिंगच्या घरी समोरची खोली आढ्यापर्यंत भरली, खाट अंगणात गेली आणि नवरा-बायको स्वयंपाकघरात जमिनीवर आले. चार रात्री पाठ घासल्यावर किसनसिंगला वाटलं, लोक वीतभर कापसाच्या गादीवर झोपतात, आपल्याकडे तर अख्खी खोली आहे. (असले विचार त्याला एकट्यालाच सुचत. बायकोला विचारून त्याने आजवर काहीच केलेलं नव्हतं.)

"बुडसान त्यात," भुरीबाई म्हणाली.

"कापसात कोनी बुडते काय?"

तो बुडला. सकाळी ढिगाबाहेर फक्त त्याचे पाय आणि मिशा दिसत होत्या. बाकीचा किसनसिंग आत कुठेतरी विळ्यासारखा वाकलेला होता. भुरीबाईने पायाला धरून बाहेर ओढला, तरी आकार तोच राहिला. पाठीत उसण भरली होती.

शेजारचा उत्तमसिंग म्हणाला, "याले डॉक्टर कायले पाह्यजे? पायाळू पाहा. पायाकडून जन्मलेल्या मानसानं तीन लाथा हानल्या का पाठ मोकळी."

तांडाभर चौकशी झाली. एक पायाळू झरीला लग्नाला गेला होता. दुसऱ्या म्हाताऱ्याला स्वतःचाच पाय उचलत नव्हता. शेवटी चुलीपाशी भाकरी थापता थापता भुरीबाई म्हणाली, "मी हाओ न पायाळू."

"तू? कवापासून?"

"जन्मापासून."

"तीस वर्सांत बोलली नाही?"

"तुमी इचारलं नाही."

हे ऐकून किसनसिंगला आत कुठेतरी टोचलं, पण पाठीपुढे त्याचं काही चाललं नाही. भुरीबाईने आधी नवऱ्याला वाकून नमस्कार केला आणि मग लाथ मारली. पहिल्या दोन बेताच्याच होत्या. तिसरीला पाय जरा जास्तच वर गेला (तांड्यातल्या बायकांच्या मते त्यात तीस वर्षांची बाकी होती) आणि ती "आई वं" म्हणत तिथेच बसली. उत्तमसिंगने दोघांनाही आपल्या ऑटोत आडवं घातलं आणि पांढरकवड्याला आणलं.

दवाखान्याच्या भिंतीवर पाठीचं चित्र होतं, मानेपासून माकडहाडापर्यंत एकावर एक तेहतीस मणके. डॉक्टरांनी किसनसिंगची पाठ दाबली. "स्नायू आखडलाय. चार दिवसांत सुटेल." मग भुरीबाईची पाठ बराच वेळ चाचपून म्हणाले, "यांची गादी सरकली आहे."

"नाही जी," किसनसिंग म्हणाला, "गादीवर कोनीच नोहतं. कापसावर मी झोपलो, थे तर खालीच झोपे."

डॉक्टरांनी पेनाने चित्रात दाखवलं. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ चकती असते, तिला गादी म्हणतात. रोज वाकून आणि डोक्यावर ओझं वाहून ती दबते. "आणि हे आजचं नाही. किती वर्षांपासून दुखतं, बाई?"

"सहा-सात वर्सं झाले."

किसनसिंग जमेल तितका तिच्याकडे वळला. "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं व्हतं. वेचनी चालू व्हती. तुमी म्हनाले, भितीले टेकून बस थोडी."

त्याला आठवलं. त्या दिवशी भिंतीला तोच टेकून बसला होता आणि त्याने जागाही सोडली नव्हती. त्यानंतर इतक्या वर्षांचा कापूस तिने याच कमरेत वाकून वेचला, याच मानेवरून घरी आणला. आणि आज सकाळपासून तांडाभर कण्हणं ऐकू गेलं ते एकट्या त्याचं. कुठे बघावं ते त्याला कळेना, म्हणून तो चित्रातले मणके मोजत बसला. काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं म्हणायची जिभेला सवय नव्हती. घसा खाकरून त्याने विचारलं,

"डॉक्टरसायेब, बाईमानसालेही तेहतीसच असतात काय?"

"असतात," डॉक्टर चिठ्ठीवरून मान न उचलता म्हणाले. "त्या वापरतातही."