संशयितांच्या यादीत प्रभा टीचर

गोव्यातल्या आमच्या पार्से गावच्या वाड्यावर काही चोरीला गेलं, की प्रभा टीचर स्वतःचं नाव संशयितांत घालायला सांगतात. वाड्याच्या समितीचा चिटणीस मी, त्यामुळे तक्रारीचा कागद माझ्याकडे. "दिगू, माजा नाव पयला बरय," म्हणजे लिही.

वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, जन्मभर समाजशास्त्र शिकवलेलं. त्यांचा सवाल ठरलेला : "म्हातारी बायल, ती पण गावची, म्हणान ती चोर न्हय? ह्या खंयच्या शास्त्रात आसा?" लोक हसायचे. मीही हसायचो आणि कागदावर 'परप्रांतीय मजूर' लिहून मोकळा व्हायचो.

गेल्या शिगम्यात माझी शिडी गेली. मी सरळ नाक्यावरच्या ट्रकवाल्यांवर आळ घेतला. शिडी निघाली होळीत. आमच्याच पोरांनी रिवाजाप्रमाणे पळवून जाळली होती. मग कुणी तिला चोरी म्हणेना. टीचर म्हणाल्या, "आमच्यांनी नेली तर रीत, भायल्यांनी नेली तर गुन्हो. हो प्रश्न पाच मार्कांक घालतलंय."

यंदा काजूच्या हंगामात माझ्या वहिनीच्या कुड्या हरवल्या. बोंडू वेचायला सीमेपलीकडच्या दोडामार्गाकडची पार्वती आली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने आपली पिशवी अंगणात उलटी केली. एक फणी, एक लुगडं, आमच्याच घरचा कालचा पाव. तरी वहिनी म्हणाली, "तिचा नाव बरय, पोलीस बगतले."

"माजा नाव पयला," जमलेल्यांतून टीचर म्हणाल्या.

"टीचर, आज मस्करी नको," मी म्हणालो.

"मस्करी न्हय रे." त्या पायरीवर बसल्या. "धा वर्सांची आसताना आयच्या कुड्यो मियांच घेतल्यो, नाचाक. बांयत पडल्यो, पाण्यात गेल्यो. घरात कामाक रखमा होती, वेंगुर्ल्याकडची. तिका हाकलून घातली. ती रडा होती, आनी मियां दारात उबी रावन बगीत होतंय. माका कोणी इचारूकच नाय. एकदा जरी इचारलां आसतां, तर सांगितलां आसतां."

मला माझीच लाज वाटली. पार्वतीने खाली बसून फणी, लुगडं पिशवीत भरलं. पाव तेवढा तिथेच ठेवला.

मी कागदावर पहिलं नाव लिहिलं प्रभा टीचरांचं. खाली वहिनीचं, माझं, घरातल्या प्रत्येकाचं, आणि शेवटी पार्वतीचं.

टीचरांनी चष्मा लावून यादी वाचली.

"आता एकेकाक इचार," त्या म्हणाल्या. "पयली माका."

मी विचारलं.