पूर्वजांच्या स्मरणार्थ बटाटे

त्या शुक्रवारी मी आयुष्यात पहिल्यांदा एक ठाम निर्णय घेतला: यंदा बटाटे लावायला जायचं नाही.

निर्णय तसा छोटा. पण रशियात, आमच्या पेर्म शहरात, मे महिन्यात असं म्हणणं म्हणजे नवरदेवाने भर मांडवात "मी जरा फिरून येतो" म्हणण्यासारखं आहे. मे लागला की अख्खं शहर फावडी-बादल्या घेऊन गाडीत चढतं आणि आपापल्या दाचावर जातं. दाचा म्हणजे सहा गुंठे जमीन, एक कललेली खोली आणि पाठदुखी. बटाटे बाजारात हवे तेवढे मिळतात. हे मी सासूबाईंना एकदा सांगून पाहिलं.

"मिळतात," कापितोलिना येगोरोव्हना म्हणाल्या. "आज मिळतात."

या 'आज'वर आमच्या आधीची अख्खी पिढी उभी आहे. या लोकांनी आकाशात यानं सोडली, नद्या अडवल्या, आम्हाला शाळेत रोज भविष्यकाळ शिकवला. आणि स्वतः विश्वास ठेवला तो तळघरातल्या पोत्यावर. वर मलाच विचारतात, पदार्थविज्ञान अर्धवट का सोडलंस म्हणून! (सोडलं नाही, मला काढलं. पण ते मी घरी सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.)

तर शिक्षण सुटल्यावर मला नोकरी मिळाली दुभाषाची. अमेरिकेतून एक मिशनरी जोडपं आमच्या शहरात आलं होतं: वेंडेलसाहेब, निवृत्त दंतवैद्य, आणि त्यांच्या पत्नी लॉरेनबाई. आमच्या आत्म्यांचा उद्धार करायला आले होते, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात चौदा महिन्यांत त्यांनी नऊ वेळा बॅले पाहिला, अकरा संग्रहालयं पालथी घातली, बर्फाची गुहा दोनदा केली आणि चहाचे तीन समोवार विकत घेतले. आत्मा एकही नाही. एक म्हातारी हिवाळ्यात रोज प्रार्थनेला यायची, तिच्यावर त्यांची फार भिस्त होती. तिच्या इमारतीतलं हीटिंग दुरुस्त झालं आणि ती यायची थांबली.

याचं त्यांना वाईट वाटलं का? छे. त्यांना आमच्याकडे काहीच वाईट वाटत नसे. लिफ्ट बंद पडली, नऊ मजले चढून आले, धापा टाकत लॉरेनबाई म्हणाल्या, "हाच तो खरा रशिया!" आमचं गरम पाणी तीन आठवडे गेलं तेव्हा त्यांनी पातेल्यात पाणी तापवतानाचे फोटो घरी पाठवले. आम्ही ज्याला गैरसोय म्हणतो त्याला ही मंडळी संस्कृती म्हणत, आणि चौदा महिने मी तिकिटं काढून त्यांना ती दाखवत होतो.

मग पत्र आलं. त्यांचे वरिष्ठ, कोणी स्ट्राउडसाहेब, पुढच्या शनिवारी पाहणीला येणार होते. लोक जमत असतील तर केंद्र चालू. नसतील तर बंद, आणि माझी नोकरीही बंद. सासूबाईंनी तर आधीच सांगून ठेवलं होतं, "बिनकामाचा जावई माझ्या दोन खोल्यांत मावत नाही. नोकरी गेली की सोलिकाम्स्कला तुझ्या आईकडे जायचं. उल्याना इथेच राहील." उल्याना म्हणजे माझी बायको. ती त्या वेळी तिथेच बसून लोकर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. माझं तिच्यावर फार प्रेम आहे, तिचंही असावं.

हे असं सगळं डोक्यावर असताना मी म्हणालो, "उद्या मला जमणार नाही. धर्मकार्य आहे."

"कसलं?" सासूबाई.

"अमेरिकन लोकांना सहलीला न्यायचंय. रशियन संस्कृती दाखवायला."

"मग दाचावर आण."

"तिथे कसली संस्कृती?"

"आणून तर बघ. दोघं आहेत ना? चार हात झाले."

मी जोडप्याला सांगितलं, उद्या एक प्राचीन वसंतोत्सव आहे, परक्यांना सहसा बोलावत नाहीत. लॉरेनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हिशोब सरळ होता: ते खणतील, मी सावलीत पडून भाषांतर करीन.

शनिवारी ते आले. लॉरेनबाई डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून, गळ्यात कॅमेरा. वेंडेलसाहेब केसाळ फरटोपी घालून. मे महिन्याच्या उन्हात. सासूबाईंनी दोघांना घोडे विकत घेताना पाहतात तसं पाहिलं.

"हात बघू म्हणावं."

वेंडेलसाहेबांनी हात पुढे केले.

"मऊ आहेत. धंदा काय?"

"दातांचे डॉक्टर होते."

"उपटायची सवय आहे म्हणजे. त्या कडेला तण आहे, तिथून सुरू करायला सांग."

"त्या म्हणतात," मी भाषांतर केलं, "तुमच्या हातांत आशीर्वाद आहे."

साहेब गहिवरले आणि तण उपटू लागले. खरोखर छान उपटत होते. मुळासकट.

मग लागवड सुरू झाली. सासूबाई खड्डा करणार, खड्ड्यात मूठभर राख टाकणार, लॉरेनबाई बेणं ठेवणार, साहेब माती ओढणार. मी सफरचंदाच्या झाडाखाली टेकलो होतो, डोळे मिटत होते. तेवढ्यात साहेबांनी हाक मारली.

"व्हेन्या, ही राख कशासाठी?"

खरं म्हणजे राख किडीसाठी टाकतात. पण प्राचीन उत्सव म्हणून आणलेल्या माणसाला कीड कशी सांगायची?

"पूर्वजांच्या स्मरणार्थ," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

इथे माझं चुकलं. साहेबांनी फरटोपी काढली, छातीशी धरली आणि खड्ड्यापुढे मान खाली घालून उभे राहिले. पूर्ण एक मिनिट. मग माती ओढली. मग पुढच्या खड्ड्यापुढे. तिथेही एक मिनिट. त्या दिवशी आम्हाला दोनशे चाळीस खड्डे करायचे होते.

"याला काय झालंय?" सासूबाई ओरडल्या. "कोणाला पुरतोय तो तिथे?"

"त्या काय म्हणाल्या?" साहेबांनी हळूच विचारलं.

"म्हणाल्या, तुमची श्रद्धा पाहून त्यांना भरून आलं."

"अरे ए! हलव त्याला! संध्याकाळची गाडी आहे परतीची!"

"आता काय म्हणाल्या?"

"आता त्या म्हणाल्या... पूर्वजांना झटपट केलेलं स्मरणही चालतं."

साहेबांनी वेग वाढवला. टोपी वर, टोपी खाली, माती. टोपी वर, टोपी खाली, माती. दुपारपर्यंत अशी लय लागली की कुंपणापलीकडचे निवृत्त कर्नल प्रोखोर साविच हातातली पकड खाली ठेवून बघत राहिले.

"कापितोलिना," ते म्हणाले, "परदेशी मजूर? कुठून मिळवलेस?"

"जावयाने आणले," सासूबाई म्हणाल्या.

लग्नाला तीन वर्षं झाली. 'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून अभिमानाने बाहेर पडताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. उठून बसलो.

"माझा मणका सरकलाय," कर्नल मला म्हणाले. "उद्या हे दोघं मला मिळतील का?"

एका क्षणात मला सगळं दिसलं. आमच्या गल्लीत तेरा दाचा, प्रत्येक दाचावर किमान दोन म्हातारे, प्रत्येक म्हाताऱ्याला काही ना काही सरकलेलं. आणि पुढच्या शनिवारी मला माणसं हवी होती.

"मिळतील," मी म्हणालो. "पण पुढच्या शनिवारी तुम्ही बाकावर बसून एक तास प्रवचन ऐकायचं."

कर्नलांनी तोंड वाकडं केलं. पन्नास वर्षं या माणसाने देव नाही असं सैनिकांना शिकवलं होतं. "एका तासाला बटाट्यांच्या किती सऱ्या?"

"दोन."

"अर्धा तास, तीन सऱ्या. आणि गाणं म्हणणार नाही."

"पाऊण तास, तीन सऱ्या. ओठ हलवायचे."

"ठरलं."

आठवडाभर मी कुंपणाकुंपणांवर आत्म्यांचे सौदे करत हिंडलो. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं, निदान समोरच्यांना तर वाटतच नव्हती. हीच माणसं मला रोज नीतिमत्ता शिकवत असत. अग्लायाआजी, वय ऐंशी, घरात सहा देवचित्रं. तिने तर घासाघीस करून वर शेणखताच्या आठ बादल्या वाहून देण्याचंही माझ्याकडून कबूल करून घेतलं. जोडप्याला मी एवढंच सांगितलं की गावाने तुम्हाला उत्सव पूर्ण करायची विनंती केली आहे. ते रोज सकाळच्या गाडीने येत आणि खणत. लॉरेनबाईंच्या तळहाताला फोड आले. त्यांनी त्यांचाही फोटो काढला. "रशियाच्या आत्म्याच्या इतकं जवळ मी कधीच नव्हते," त्या म्हणाल्या. त्या वेळी त्या गुडघाभर शेणखतात होत्या.

देवाचं नाव त्या आठवड्यात एकदाच निघालं. साहेबांच्या पायावर बादली पडली तेव्हा.

शनिवारी स्ट्राउडसाहेब आले. उंच, सुकलेले, गळ्यात टाय. कर्नलांच्या अंगणात बाक मांडले होते आणि बाकांवर सत्तावीस माणसं बसली होती. मी स्वतः मोजली, दोनदा, कारण मलाही खरं वाटत नव्हतं. स्ट्राउडसाहेब थक्क झाले.

"बांधवांनो, तुम्हाला इथे कशाने ओढून आणलं?" त्यांनी विचारलं. मी ते रशियनमध्ये सांगितलं.

कर्नल उभे राहिले. "बटाट्यांनी."

"सेवेने," मी भाषांतर केलं.

"आणि यांना सांग, माझा पाऊणच तास ठरलाय. घड्याळ लावलंय मी."

"प्रत्येक क्षण मोलाचा आहे, म्हणतात."

तेवढ्यात अग्लायाआजी काठी आपटत उठली. "माझ्या दोन सऱ्या राहिल्यात! आधी त्या लावा, मग तुमचं बोलणं! फसवता होय रे म्हातारीला?"

बाकांवर कुजबुज सुरू झाली. खताचं आपल्याला का नाही सांगितलं, असं कोणीतरी मागून विचारत होतं. माझ्या डोळ्यांपुढे सोलिकाम्स्कचं स्टेशन आलं. फलाटावर आई, हातात माझे जुने लोकरीचे मोजे.

"त्या आजी म्हणतात," मी म्हणालो, "आधी कृती, मग शब्द."

स्ट्राउडसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग कोट काढला, टाय खिशात कोंबला, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "कुठे आहेत त्या सऱ्या?"

सगळं अंगण आजीच्या जमिनीवर लोटलं. पुढे सासूबाई. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण त्यांनी बोट दाखवलं की स्ट्राउडसाहेब खणत, हात वर केला की थांबत, "अरे आडवं नको, उभं!" असं ओरडल्या की फावडं फिरवत. मी मागे मागे भाषांतर करत पळत होतो. कोणी थांबून ऐकत नव्हतं. वेंडेलसाहेबांनी वरिष्ठांना टोपीचा विधीही शिकवला. स्ट्राउडसाहेबांकडे टोपी नव्हती, तेव्हा ते चष्मा छातीशी धरत.

एका तासात आजीच्या सऱ्या झाल्या. स्ट्राउडसाहेब मातीने माखलेले, चेहऱ्यावर तेज. त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहत, तीनदा त्यांच्याकडे बोट दाखवत बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "भाषांतर करा."

ते म्हणाले होते: हे आमचं सर्वोत्तम केंद्र आहे. ते चालू राहील. इथलं काम शब्दांच्या पलीकडे गेलेलं आहे, आज मी ते स्वतः अनुभवलं. म्हणून दुभाषाचं पद आजपासून रद्द करून त्या जागी या बाईंना स्थानिक संघटक नेमतो.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. उल्यानाही शेजारी येऊन उभी राहिली होती.

"ते म्हणतात," मी म्हणालो, "तुमचा जावई हिरा आहे."

"मग बोट माझ्याकडे का दाखवत होता?"

"हिरा तुमच्या घरातला, म्हणून."

"तीनदा?"

"व्हेन्या," उल्याना शांतपणे म्हणाली, "तुझे कान लाल झालेत."

मी खरं सांगितलं. आठ दिवसांतलं माझं पहिलं अचूक भाषांतर. सासूबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं, एप्रनला हात पुसले, स्ट्राउडसाहेबांशी हस्तांदोलन केलं आणि लगेच त्यांना कुंपणाचा मोडका खांब दाखवायला घेऊन गेल्या.

मी बाकावर बसलो. थोड्या वेळाने वेंडेलसाहेब शेजारी टेकले. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात तिकिटं नव्हती, एक छापील अर्ज होता.

"व्हेन्या, वाईट वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. "एका दृष्टीने बरंच झालं. तू नोकरीत होतास तोवर नियमाप्रमाणे तुला मोजता येत नव्हतं. आता येतं. स्ट्राउडसाहेब विचारत होते, या सत्तावीसजणांत रीतसर धर्मात नाव नोंदवलेले किती. मी अजून आकडा दिलेला नाही."

"पण साहेब, माझा कशावरच विश्वास नाही."

"काही हरकत नाही," वेंडेलसाहेबांनी मायेने पेन पुढे केलं. "अर्जात तसा रकाना नाही."

मी सही केली. दुसरं काय करणार होतो? खाली एका साक्षीदाराची सही हवी होती, म्हणून साहेबांनी खुणेनेच सासूबाईंना बोलावलं. त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, एक शब्द कळला नाही.

"काय आहे हे? तुला घेऊन जाणार आहेत का?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो.

सासूबाईंनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. सही केली, वर तारीख घातली, आणि साहेबांना खुणेने विचारलं, आणखी कुठे करायची आहे का.