दाराजवळची पेटी

तलवाड्याच्या सत्यमला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. जगात कुणाच्याही हातून काहीही चुकून पुसलं जाईल, त्याच्या हातून जाणार नाही. पुण्यातल्या एका कंपनीचं काम तो गावातच, घराच्या पुढच्या खोलीत बसून करायचा. कॉम्प्युटरमधल्या फायली ठेवणाऱ्या, हलवणाऱ्या आणि पुसणाऱ्या प्रोग्रामांत चोरांना शिरायला जी भोकं राहतात, ती बुजवायची, हे त्याचं काम. ते किती जोखमीचं आहे, हे तो गावात सगळ्यांना सांगायचा, आणि कुणी न विचारता सांगायचा.

दिवाळीच्या आधी असंच एक मोठं भोक सापडलं. संध्याकाळपर्यंत बुजवायचं होतं. वडील शहादेव चहा घेऊन आले, तेव्हा सत्यमनं त्यांनाही बसवून घेतलं.

"दादा, हा पुसणारा प्रोग्राम आधी जागेवर जाऊन बघतो. हाच फोल्डर पुसायचा ना? हाच. मग पुसायला वळतो. तेवढ्यात कुणी लबाडानं त्या जागी दुसराच फोल्डर सरकवला, तर ह्यो गडी परत बघतच न्हाई. जे असंल ते पुसून मोकळा."

"मग त्याला डोळे कावून दिलेत?"

"डोळे हायेत, पण एकदाच उघडतो. आता मी त्याला शिकवणार. एकदा बघितलं की तिथंच कडी धरायची, अन् काम होईस्तवर सोडायची न्हाई."

"सोपं हाय की," शहादेव म्हणाले, आणि रिकामा कप घेऊन गेले.

घरात साफसफाई चालली होती. आतून विमलबाईंनी, म्हणजे सत्यमच्या आईनं, हाक मारली. "सत्यम, भंगारवाला बिभीषण यायचाय. ह्यातली पेटी कंची द्यायची?"

घरात पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. एक नुसती गंजलेली, तळाला भोक पडलेली. दुसरीच्या झाकणावर निळ्या-तांबड्या रंगात चौकटी काढलेल्या, आणि प्रत्येक चौकटीत एक इंग्रजी अक्षर. सत्यम खुर्चीतून उठला, स्वतः गेला, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. "ही दाराजवळची गंजकी द्यायची. खिडकीखालच्या पेटीला हात लावायचा न्हाई," असं बजावून तो परत कामाला बसला.

मग विमलबाईंनी खिडकीखालचं झाडायला घेतलं. त्यासाठी रंगीत पेटी दाराजवळ आणली, आणि निम्मं झाडून झाल्यावर दारात अडचण नको म्हणून गंजकी तिच्या जागी ढकलली. जळमटं पडू नयेत म्हणून दोन्हींवर एकेक गोणपाट टाकलं आणि मागं भांडी घासायला गेल्या.

बिभीषण आला तेव्हा सत्यम पुण्याच्या वैष्णवीशी बोलत होता. ही त्याची वरिष्ठ. त्यानं केलेला प्रत्येक बदल आधी ती तपासायची. "एकदा बघितल्यावर पुन्हा खात्री करत नाही, हाच सगळा घोळ आहे मॅडम," असं तो सांगत असतानाच शहादेवांनी दारातून विचारलं, "दाराजवळचीच ना रं?"

सत्यमनं मान न वळवता हात हलवला. "हो, दाराजवळचीच."

पेटी गेली. गोणपाटही गेलं.

दुपारी जेवायला उठताना त्यानं सहज खिडकीखालचं गोणपाट उचललं, तर खाली गंजकी पेटी.

गेलेली रंगीत पेटी म्हणजे त्यांचं सगळं घर होतं. शहादेव आणि विमलबाई ऊसतोडीला जायचे तेव्हा दरसाल ट्रॉलीवर पहिली ती चढायची. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिच्यात पीठ-मीठ असायचं, तिच्यावर कंदील असायचा आणि कंदिलाशेजारी सत्यमचं पुस्तक. शाळेत कॉम्प्युटर आला, पण एवढ्या पोरांत त्याची पाळी यायची नाही. तेव्हा शहादेवांनी पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायला आणलेल्या रंगानं पेटीच्या झाकणावर कीबोर्ड काढून दिला. पुस्तकातल्या चित्रात अक्षरं अस्ताव्यस्त सांडलेली बघून त्यांना छापणाऱ्याची कीव आली होती. म्हणून त्यांनी ती नीट ए, बी, सी अशी ओळीनं लावून दिली. सत्यम दोन हिवाळे त्यावर मान मोडून टाइप करायला शिकला, आणि खरा कीबोर्ड हाती आला तेव्हा त्याला त्याच्यावर एक शब्द धड उमटवता येईना. तरी ती पेटी बघितली की त्याला कोपीतल्या कंदिलाची ऊब आठवायची. त्या दिवसांत हाल होते, आणि त्याला ते दिवस फार आवडत होते.

"बिभीषण पेट्या चेपून रिक्षात रचतो," शहादेव खालच्या आवाजात म्हणाले. "आज उमापूरच्या बाजारात असंल."

दोघं मोटरसायकलवर निघाले. वाटेत खिशातला फोन वाजत राहिला. सत्यमला कळत होतं की वैष्णवी कामाचं विचारतेय, पण तो थांबला नाही.

बिभीषण बाजाराच्या तोंडाशीच सापडला. घण त्याच्या हाताजवळ होता.

"चेपणारच व्हतो," तो म्हणाला. "पण ती सुंदरबाई बसायला मागत व्हती. दिली."

मिरच्या विकणारी सुंदरबाई पेटीवर ऐसपैस बसली होती. जन्मभर जमिनीवर बसून विकलेल्या बाईला आज पहिल्यांदा सगळा बाजार वरून दिसत होता.

"मावशी, ही आमची पेटी हाय," सत्यम म्हणाला.

"कशावरून?"

"हिच्यावर मी शिकलोय."

"पेटीवर? शाळा न्हवती का तुमच्या गावात?"

माणसं गोळा झाली. एवढा साहेबासारखा पोरगा पत्र्यासाठी कळवळतोय, म्हणजे आत काहीतरी असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सुंदरबाई तर आणखीच घट्ट बसली.

"मी डोळे मिटतो," सत्यम शेवटी म्हणाला. "तुमी अक्षर सांगा. बरोबर त्याच चौकटीवर बोट ठेवतो. मग तर पटंल?"

झाकण दिसायचं तर उठणं भाग होतं. सुंदरबाई उठली आणि पेटीवर वाकली. कुणी 'एम' म्हणालं, सत्यमचं बोट 'एम'वर. कुणी 'झेड' म्हणालं, बोट 'झेड'वर. एक म्हातारबा म्हणाले, "आता श्रीगोंद्यातला श्री दाब." त्यावर वाद पेटला. सगळ्यांची तोंडं म्हाताऱ्याकडं वळली, सुंदरबाईचंही. तेवढ्यात शहादेवांनी कडीला धरून पेटी मागं ओढली आणि तिच्या जागी टमाट्याचा रिकामा क्रेट सरकवला.

"पोराचं खरं हाय बाई," म्हणत सुंदरबाई न बघता मागं बसली. मग जरा वेळानं म्हणाली, "मी खाली कशी आले?"

बाजार हसला. आधी शिव्या घालून मग तीही हसली. घरची गंजकी पेटी उद्या आणून द्यायची, असं ठरलं.

"दादा, हेच ते भोक," गाडीकडं जाताना सत्यम म्हणाला.

"सकाळी तूच सांगितलंस की."

परत येताना गाडी शहादेवांनी चालवली. मागं सत्यम दोन्ही हातांनी पेटीची कडी धरून बसला होता. फोन पुन्हा वाजला तरी त्यानं हात सोडला नाही. घरी पोचल्यावर पेटी जागेवर ठेवली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला, आणि दिवस मावळायच्या आत भोक बुजवून पाठवून दिलं. वैष्णवीनं एवढा उशीर का झाला, असं विचारलं. "घरी चाचणी घेत होतो," असं त्यानं कळवलं.

शहादेव शेजारी येऊन टेकले. "ह्यात पुसायची कळ कंची?"

सत्यमनं लॅपटॉपवरची दाखवली. शहादेवांनी झाकणावर बोट फिरवून बघितलं. "हितं न्हाई."

"तुमी काढलीच नव्हती."

"रंग संपला."

"संपंल न्हाई तर काय," आतून विमलबाई म्हणाल्या. "एक शिंग रंगवलं अन् उरलेला सगळा पेटीला फासला. त्या पोळ्याला आपला पाखऱ्या बैल एका शिंगानं मिरवला. माणसं सणभर हसत व्हती."

हे सत्यमला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कोपऱ्यात जागा हाय," शहादेव म्हणाले. "येत्या पोळ्याला रंग आणतो. काढू का ती कळ?"

सत्यमनं त्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. "नको दादा. असंच असू द्या."

एवढ्यात विमलबाई केरसुणी घेऊन आल्या. "उठा दोघं. सकाळी खिडकीखालचं निम्मंच झाडून झालंय. पेटी जरा दाराजवळ सरकवते."

बापलेकांनी दोन्हीकडच्या कड्या एकदम धरल्या.

विमलबाईंनी दोघांकडं बघितलं, आणि गुमान त्यांच्या भोवतीनं झाडून घेतलं.