धुराड्यातली बोराटी

मनकर्णाबाई डोळे पुसत चुलीपुढून उठल्या. "अवो, धूर आजबी घरातच फिरून राह्यला. धुराडं कोंदलं, किती डाव सांगू?"

उकंडराव अंगणात दात घासत होते. चूळ भरून ते आत आले. चुलीवरून छपराबाहेर गेलेल्या पत्र्याच्या पाइपावर त्यांनी बोटाने ठोकले, कान लावला आणि निकाल दिला, "टन्न वाजते. साफ हाये."

माठ असो की टरबूज, उकंडराव वाजवूनच घेत. माठ गळला तर ते कुंभाराला बोलत, टरबूज पांढरे निघाले तर वेलाला. आपल्या कानावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

मनकर्णाबाईंनी पाइपाच्या बुडाचे झाकण काढले आणि आत उलथने फिरवले. डांबरासारखा काळा, चिकट पापुद्रा निघाला, चांगला भाकरीएवढा जाड.

"मंग हे काय हाये?"

"तो पाइपच हाये. खरवडू नको, भोक पडन."

खरे कारण दोघांनाही ठाऊक होते. कोरड्या तुराट्यांची गंजी गोठ्यामागे तशीच उभी होती आणि उकंडराव शेताच्या बांधावरची, धुऱ्यावरची नुकती पाडलेली ओली बाभूळ चुलीत घालायला लावत होते. ओले लाकूड हळूहळू जळते, म्हणजे जास्त पुरते, असे त्यांचे म्हणणे. ते जळत नव्हतेच, नुसते धुमसत होते.

एरवी मनकर्णाबाईंनी हेही सोसले असते. पण आज दुपारी किन्हीराजाहून लेकीचे, वैष्णवीचे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला जऊळक्याला येणार होते. लग्नात विहीणबाई भागिरथाबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या, "आमच्या घरी पोळी चुलीवरचीच. गॅसवरची आमाले गोडच लागत नाही." तेव्हापासून मनकर्णाबाईंनी ठरवले होते की पोळी चुलीवरचीच करायची आणि अशी करायची की लेकीला सासरी कोणी एक शब्द बोलू नये.

"धुराडं साफ झाल्याबिगर मी तवा ठेवत नाही," त्या म्हणाल्या.

टाळत टाळत उकंडराव दुपार होता होता नाइलाजाने शिडी लावून छपरावर चढले. धुराडे साफ करायची गावची रीत सोपी होती. बोरीची काटेरी फांदी, म्हणजे बोराटी घ्यायची, बुंध्याला दोर बांधायचा, शेंड्याला धोंडा बांधून खाली सोडायची आणि वर ओढायची. पण उकंडरावांना धोंडा शोधायचा कंटाळा आला.

"बुडखा जड असते," ते खाली उभ्या असलेल्या मुलाला, हरीओमला म्हणाले. "दोर शेंड्याले बांधला का बोराटी आपल्या वजनानं खाली जाते. धोंडा कायले पायजे?"

बोराटी खरोखर सरसर खाली गेली. उकंडरावांनी अभिमानाने खाली पाहिले. मग दोर ओढला. पाइपात फांद्या उलट्या छत्रीसारख्या फाकल्या आणि बोराटी मधोमध अडकून बसली. ओढावी तेवढी जास्तच घट्ट बसायला लागली.

"बाबा, मी खालून हवा मारू काय?" हरीओमने विचारले. त्याच्याकडे फवारणीचा पेट्रोलवरचा पंप होता, हवेच्या झोताचा.

"मार! जोरानं मार!"

हरीओमने पंपाचे तोंड चुलीत घातले आणि दोरी ओढली. नेमके त्याच वेळी बोराटी हलली का ते पाहायला उकंडराव पाइपावर वाकले.

अर्धी काजळी वर गेली ती उकंडरावांच्या तोंडावर. अर्धी बोराटीला आपटून परत आली आणि भिंती, फळी, गॅसची शेगडी, डबे, हरीओम, सगळ्यांवर सारखी बसली. बोराटी जागची हलली नाही.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

भागिरथाबाई उतरल्या आणि त्यांनी आधी वरच पाहिले. "माय वं! छपरावर कोन बसलं?"

मनकर्णाबाईंच्या तोंडून निघून गेले, "गडी हाये."

व्याही तुळशीराम पुढे झाले. "काय रे बाप्पा, कोंदलं काय? अकलेनं काम कर जरा. मालक कुठं गेला तुया?"

"इवाईबुवा, मीच हावो!" वरून आवाज आला. काळ्या तोंडात फक्त दात दिसत होते.

तुळशीराम क्षणभर दचकले. मग चपला काढून शिडीकडे निघाले. "तुमी पायलं कसं, धुराडं कोंदलं का नाही ते?"

"वाजवून."

"वाजवून कोनी पायते काय? धूर पाहा लागते! पांढरा असन तं साफ, काळा असन तं कोंदलं. थांबा, मी येतो."

व्याही छपरावर पोचले. दोर आता दोघे ओढू लागले आणि त्याहून जास्त वाद घालू लागले.

खाली भागिरथाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. मनकर्णाबाई मान खाली घालून वाट पाहत होत्या. लेकीला जन्मभर ऐकावे लागेल असे काहीतरी आता बाहेर पडणार.

"पुरन वाचलं काय?" भागिरथाबाईंनी विचारले.

"वाचलं. मधल्या खोलीत झाकून होतं. कनीकबी तिथंच हाये."

"मंग झालं तं. अंगनात तीन धोंडे मांडा."

त्यांनी पदर खोचला, गोठ्यामागून स्वतः तुराट्या ओढून आणल्या आणि चूल पेटवली. ज्वाळा स्वच्छ उठली.

"ईनबाई, तुमी कायले बसता? पहिल्यांदा आल्या तुमी…"

"बसू द्या. लई दिवसांनी बसून राह्यली मी चुलीपाशी." भागिरथाबाईंनी छपरावरच्या नवऱ्याकडे पाहून आवाज खाली केला. "मागच्या साली आमच्या यायनं असाच धूर पायला अन म्हने साफ हाये. चार दिवसांनी पाइपात आग पेटली. पाइप लालभडक! तवापासून चूल बंद. गॅसवरच पोळ्या करतो आमी. वैष्णवीले बजावलं हाये, माहेरी बोलू नको."

मनकर्णाबाईंनी हसू दाबायला तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलायचे थांबेनात. मग भागिरथाबाईही हसल्या. पहिली पोळी तव्यावर टम्म फुगली. दोघींनी ती अर्धी अर्धी केली आणि तिथेच, जाळापाशी, तुपाबरोबर खाल्ली.

वरून तुळशीरामांनी हाक मारली, "अवो, पोळ्या झाल्या काय?"

भागिरथाबाईंनी मान वर न करता पोळी उलटली.

"धूर पाहून सांगा," त्या म्हणाल्या.