बिरूआबांची आजारी मिरची

आमच्या शेजारचे बिरूआबा मिरचीच्या पानांना कान म्हणतात. "ताई, हिचं कान बघा, गरम लागत्यात," असं ते म्हणाले की मीही हात लावून बघते आणि मग स्वतःवरच चिडते. झाडाला कुठला आलाय ताप!

आबांचं आयुष्य कवठे महांकाळच्या माळावर मेंढरांमागं गेलं. मेंढरं विकून ते मलकापुरात मुलाकडे आले आणि घरामागच्या चार हात जागेत वांगी, टोमॅटो, मिरच्यांचा नवा कळप मांडला. सकाळी एकेका रोपाला नावानं हाक. "ये भोरे, मान वर कर." मग साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पानांच्या खालचा मावा पुसून काढायचा. दुकानातलं औषध आणा म्हटलं, की त्यांचं ठरलेलं, "आदी हातानं, मग औषधानं."

त्यांच्या वांग्यांचं कौतुक मी गावभर सांगते, पण माणूस लय हट्टी.

यंदा भोरी नावाच्या मिरचीवर चुरडा-मुरडा पडला. पानं आकसून वाटीसारखी वळली. सून सुनीतानं निक्षून सांगितलं, "आबा, ही आजच उपटा. रोग पसरला, तर मी सगळीकडं फरशी घालून घेणार. गाडी लावायला जागा तरी होईल." तिचं काही चुकत नव्हतं. मीही तिचीच री ओढली.

आबांनी भोरीला उपटलं नाही. मातीसकट रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून गच्चीवर नेलं आणि मागोमाग आपली वळकटीही नेली. आजारी मेंढरू वेगळं बांधलं की त्याच्यापाशी कुणीतरी थांबायचं असतं म्हणे! मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हसत विचारलं, "आबा, एका मिरचीपायी घर सोडलंत?"

ते भोरीचे वाकडे शेंडे खुडत होते. मान वर न करता म्हणाले, "आमची मंडळी आजारी हुती, ताई. म्हनली, तुमी कळप घिऊन व्हा फुडं, मी मागनं येती. मी गेलो. ती आलीच न्हाई."

त्यांच्या जिन्यात सुनीता चहाचा कप घेऊन उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

त्यानंतर फरशीचा विषय निघाला नाही. खालची रोपं आबा रोज पुसत राहिले, ती धडधाकट राहिली. गच्चीवर चहा घेऊन गेलेली सुनीता मात्र लवकर खाली येईना. मी आमच्या गच्चीवरून डोकावून पाहिलं, तर फडकं घेऊन भोरीची पानं पुसत बसलेली.

आणि एका सकाळी आबांची हाक आली, "आवं ताई, कान सरळ केलं बघा हिनं!" खरंच, शेंड्याला कोवळी, सरळ पानं फुटली होती.

सुनीतानं बादली उचलली. "आबा, हिला मी खाली नेते. तुम्ही वळकटी घ्या आणि घरात चला बघू."

आबांनी भोरीच्या पानाला हात लावून पाहिला. "उतरला ताप," म्हणाले आणि वळकटी गुंडाळू लागले.