पाचव्या पेटीतली मुळं

वामननाना समोरच्या माणसाला नमस्कार करत नाहीत. त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघतात. "रगत कमी शे," म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. आमच्या साहेबांचीही पापणी त्यांनी सोडलेली नाही.

नाना मूळचे दोंडाईचाचे. आता पिंप्राळ्यात माझ्या शेजारी एकटेच राहतात. जळगावच्या ज्या संशोधन केंद्रात मी कारकुनी करतो, तिथेच ते पोकळ्याच्या पालेभाजीच्या मुळांच्या जनुकांत फेरफार करतात. मुळानं मातीतलं लोह जास्त ओढावं आणि पानात पोचवावं, हा उद्योग. झाडं काचेच्या पेट्यांत लावलेली. मुळांना उजेड सोसत नाही म्हणून पेट्यांवर काळं कापड. ते उचलण्याआधी नाना काचेवर हळूच टकटक करतात. "पान खोटं बोलस, मूय नही," हे त्यांचं पालुपद.

मला त्या खोलीत जायला कधीच आवडलं नाही. यंदा चार पेट्यांत मुळं काचेला चिकटून वाढली. पाचवीत वर पानं काळपट, दाट, आणि काचेवर एकही मूळ नाही. सगळी आत कुठंतरी वळून गेलेली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मुळं कुठं गेली, नानांना विचारलं.

"त्यास्ले काम शे," ते म्हणाले.

तपासणीत पाचव्या पेटीच्या पानांत लोह सगळ्यांत जास्त निघालं. साहेबांनी पेढे वाटले. नानांनी आपला पेढा खाल्ला नाही.

अशी झाडं खायची नसतात. प्रयोग संपला की भट्टीत जाळायची, साक्षीदाराची सही घ्यायची. साक्षीदार मी. नानांनी पाचवी पेटी उलटी केली, तसा मुळांचा गच्च गोळा फरशीवर पडला आणि आतून ठण्ण वाजलं. मी दोन पावलं मागे सरलो. नानांनी बोटांनी मुळं बाजूला केली. आत लोखंडी तवा होता, मुळांनी चहूबाजूंनी कवटाळलेला.

"तिना हातना शे," नाना म्हणाले.

त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हतं, एवढं मी ऐकून होतो.

"तिना तवाना लोखंड पानमा उतरस का, इतलंच देखनं व्हतं."

मग त्यांनी नोंदवहीत पाचव्या पेटीचा निकाल स्वतःच खोडला आणि लिहिलं, 'मातीत बाहेरची वस्तू. चूक माझी.' सबंध वर्षातला एवढा एकच निकाल पेढे वाटण्याजोगा होता. मला त्यांचा रागही आला आणि भरूनही आलं.

नियमाप्रमाणे मुळाचा केससुद्धा उरता कामा नये. नानांनी तवा मुळांसकट भट्टीत ठेवला. मुळं चुरचुरत जळाली, तवा लाल झाला. तो निवेपर्यंत नाना शेजारी बसून राहिले. मी सही केली.

तवा फडक्यात गुंडाळून ते निघाले आणि दारात थांबले. "सांजले भाकर खावाले ये," म्हणाले. "एकला माणूससाठे कोन तवा तपाडी?"